शिलेदाराची आई

शालिकराम हेडाऊ सरांनी ती कविता एकतीस वर्षं शिकवली आणि एकदाही शेवटपर्यंत वाचली नाही. यावर लगेच नाक मुरडायचं कारण नाही. सहाशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी ते, त्याला आजचा इंग्रजही लांबून हात जोडतो. ओळीत पाच शब्द असले तर त्यातल्या तीन शब्दांचा अर्थ तळटीपेत, आणि तळटीप समजायला आणखी एक पुस्तक. कॉलेजच्या ग्रंथालयात प्रत एकच. ती काचेच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली ज्या ग्रंथपालांकडे होती ते २००९ साली निवृत्त होऊन अमरावतीला राहायला गेले. तरी तरुणपणी सरांनी एक तृतीयांश कविता खरोखर वाचली होती, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पुढे गरज पडली नाही, कारण पुढे नोट्स होत्या.

नोट्सची हकिकत अशी. सर स्वतः एम.ए. करत होते तेव्हा ही कविता त्यांना मनोहरराव बोकडे नावाचे प्राध्यापक शिकवत. मनोहरराव हातात चिटोरंही न घेता, डोळे मिटून बोलत, आणि शालिकराम पहिल्या बाकावर बसून शब्द न शब्द उतरवून घेत. गोळीबार चौकाजवळच्या कोष्ट्याच्या घरातला मुलगा, बाप मागावर, आई कांड्या भरायला. इंग्रजी साहित्य म्हणजे काय हे घरात कुणाला सांगता येत नव्हतं, पण पोराचं अक्षर मोत्यासारखं आहे एवढं सगळ्यांना दिसत होतं. त्या अक्षरातली दोनशे पानी वही आधी वर्गाने उतरवून घेतली, मग पुढच्या वर्गाने, आणि झेरॉक्सची यंत्रं आल्यावर तर वहीला पायच फुटले. आज नागपुरात, उमरेडला, भंडाऱ्याला झेरॉक्सच्या दुकानात जाऊन ‘हेडाऊ सर’ एवढंच म्हणावं, दुकानदार पुढचं विचारत नाही. खालच्या फळीवरून गठ्ठा काढून देतो.

कविता एका नाईटची आहे. नाईट म्हणजे आपल्याकडचा शिलेदार, असं सर पहिल्याच तासाला सांगून टाकत, म्हणजे पुढे घोडा, ढाल, मान-मर्यादा वगैरे समजावत बसावं लागत नसे. राजा या शिलेदाराला एक खलिता देतो आणि दूरच्या राज्यात पाठवतो. ‘पुढच्या सुगीला परत येतो,’ असा शिलेदार भर दरबारात शब्द देतो. वाटेत त्याला नदी अडवते, राक्षस अडवतो, एका गढीतली देखणी मालकीण तर फारच अडवते. तो कुठेही बधत नाही, पण घोडा जातो, चिलखत जातं, आणि पुढच्या सुगीला यायचा तो सात सुग्या उलटल्यावर परत येतो. इथवर मूळ कवी आणि नोट्स यांचं बऱ्यापैकी जमतं.

नोट्सचा शेवट असा. शिलेदार थकून-भागून आधी आपल्या गावी जातो. दारात म्हातारी आई उभी. तिला आता डोळ्यांनी दिसत नाही, ती पावलांवरून ओळखते. जिंकलास की हरलास, हे ती विचारत नाही. उशीर का केलास, हेही विचारत नाही. चुलीशी बसवते आणि जेवायला वाढते. मग शिलेदाराला कळतं की शौर्य शौर्य म्हणतात ते काय. ‘मातृभेटीच्या प्रसंगाचे महत्त्व विशद करा’, गुण सोळा. हा प्रश्न आला नाही असं एक वर्ष गेलं नव्हतं, कारण पेपर हेडाऊ सर काढत आणि सरांना तोच प्रश्न आवडे.

आणि शिकवतही ते अशा काही तन्मयतेने की बोलता सोय नाही. एरवी सर वर्गात साधे, किंचित तोतरे, हजेरी घेताना आडनावं चुकवणारे. पण त्या शेवटच्या तासाला त्यांचा आवाज बदलत असे. मुली रुमाल घेऊनच येत, मुलं खिडकीबाहेर बघत. वर्ध्याला बँकेत मॅनेजर झालेला एक विद्यार्थी दर दिवाळीला फोन करून सांगे की सर, बाकी सगळं इंग्रजी विसरलो, ती म्हातारी तेवढी लक्षात आहे. सरांनी एम.फिल.ही तिच्यावरच केलं होतं. ‘मध्ययुगीन इंग्रजी शौर्यकाव्यातील मातृत्व’, पानं एकशे बेचाळीस. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विषयाच्या नावीन्याबद्दल खास अभिनंदन केलं होतं. नावीन्याबद्दल ते चुकले नव्हतेच.

दामिनी गजभिये ही मुलगी मात्र वाचणाऱ्यांपैकी निघाली. उमरेडची. बी.एड. झालेली, सकाळी एम.ए.चे तास करायची आणि दुपारी मिहान या उद्योग-वसाहतीतल्या एका कंपनीत कामाला जायची. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता तास-दीड तास मोडतो. त्यात बाकीच्या मुली रील बघत, आणि ही मोबाइलवर सहाशे वर्षांपूर्वीची कविता उतरवून घेऊन, एका हाताने शब्दकोश चाळत, दिवसाला बारा-पंधरा ओळी वाचे. चार महिन्यांत तिने ती संपवली. कुणी सांगितलं होतं तिला? कुणीच नाही. अशांचं काय करायचं हे आपल्या शिक्षणव्यवस्थेला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटच्या तासाला, सगळ्यांचे रुमाल निघालेले असताना, तिने हात वर केला.

“सर, ही माय मूळ कवितेत कुठं येते? मले सापडून नाई राहिली.”

सर अडखळले नाहीत. “प्रती वेगवेगळ्या राहतात बेटा,” ते म्हणाले. “जुन्या हस्तलिखितांत पाठभेद असतात.”

पाठभेद हा शब्दच असा आहे की त्यापुढे वर्गात कुणी बोलत नाही. दामिनीही बोलली नाही. पण परीक्षेत तिने जे वाचलं होतं ते लिहिलं. मातृभेटीचा प्रसंग कवितेत नाही, असं पहिल्याच वाक्यात लिहून तिने खरा शेवट चार पानं भरून समजावून सांगितला. उत्तरपत्रिकांवर नावं नसतात, नुसते आकडे असतात. दिवसाला पन्नास पेपर तपासताना सर पानात आई शोधत, कारण आई दिसली की पेनाला वेग येई. या पेपरात ती दिसेना. त्यांनी सोळापैकी तीन गुण दिले, तेही अक्षराचे, आणि पुढचा गठ्ठा ओढला.

मेच्या अखेरीस निकाल लागला. दामिनीला त्या पेपरात ऐंशीपैकी एकोणतीस गुण, पास व्हायला बत्तीस हवेत. बाकीच्या सगळ्या पेपरांत पहिला वर्ग.

ती सरांच्या सक्करदऱ्याच्या घरी आली ती रविवारी सकाळी. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स तिने रीतसर अर्ज करून मिळवली होती. सरांच्या पत्नी प्रेमलताबाईंनी पाणी आणून दिलं, चिवडा ठेवला, आणि मुलीचा चेहरा पाहून आत निघून गेल्या.

“सर, मी भांडाले नाई आली,” दामिनी म्हणाली. “पेपर आता पुन्हा तपासाले तुमच्याकडंच येईन. तवा तुमी फक्त हे एकदा वाचून पाहा.”

तिने कविता छापून आणली होती. नुसत्या शेवटच्या ऐंशी ओळी, आणि प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने अर्थ.

“उमरेडच्या ज्युनियर कॉलेजात माही जागा ठरून राहिली सर. तीस जूनच्या आत पास झाल्याचा कागद पाह्यजे म्हनते ते. तीनच मार्काचा सवाल आहे.”

“चिवडा खा वं आधी,” सर म्हणाले. ती दोन घास खाऊन, नमस्कार करून गेली.

सरांनी ते कागद हातात घेतले तेव्हा त्यांना खात्री होती की पोरीचं काहीतरी चुकलं असणार. बसमध्ये वाचलेली कविता ती. तीन तासांनी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आई नव्हती. दार होतं, पण ते राजवाड्याचं होतं, आणि दारात द्वारपाल उभा होता. तो विचारतो, तू कोण? शिलेदार नाव सांगतो. नाव कुणाला ठाऊक नसतं. ज्याने खलिता दिला तो राजा मरून गेलेला असतो, आणि ज्यासाठी खलिता धाडला ते भांडण केव्हाच मिटलेलं असतं. नवा राजा मात्र दयाळू आहे. भुकेला दिसतोय, याला सूप द्या, म्हणतो. शिलेदाराला पंगतीच्या टोकाला, दाराशी बसवतात. तो सूप पितो. थोड्या वेळाने वाढणारा येऊन वाडगा उचलून नेतो, आणि कविता संपते.

सरांना आधी राग आला तो कवीचा. हा काय शेवट झाला? मग त्यांना भीती वाटली. एकशे बेचाळीस पानं आठवली, वर्ध्याचा मॅनेजर आठवला. एकतीस वर्षांत समोर बसून गेलेली दोनेक हजार मुलं आठवली. सर्वांत शेवटी त्यांना दामिनीचे तीन गुण आठवले. हा क्रम त्यांना स्वतःलाही आवडला नाही.

पण नोट्स शेवटी मनोहररावांच्या होत्या. सरांनी फक्त उतरवून घेतल्या होत्या. म्हणजे चूक असेलच तर ती गुरूची, किंवा गुरूंकडे खरंच दुसरी कुठली तरी प्रत असेल. या दुसऱ्या शक्यतेला धरून सर मंगळवारी सकाळी रामटेकच्या बसमध्ये बसले.

मनोहरराव चौऱ्याऐंशीचे झाले होते. गडाच्या पायथ्याशी मुलाच्या घरी राहत. कान थोडे गेले होते, बाकी स्वारी शाबूत होती. ओसरीवर खुर्ची टाकून ते समोरच्या शेतातल्या धानाच्या बांध्यांकडे बघत बसले होते.

“कोन, शालिक? ये गा, बस. एवढ्या उनाचा काहून आला?”

“सर, एक विचाराचं होतं. त्या शिलेदाराच्या कवितेत त्याची माय आहे का हो?”

“माय?” म्हातारा हसला. “माय कुठची बाप्पा! द्वारपाल आहे, अन् ते सूप आहे. लई रूक्ष शेवट केला त्या बुवानं.”

म्हणजे दुसरी प्रत वगैरे काही नव्हती. या माणसाने कविता वाचली होती आणि त्याला ती आजही पाठ होती.

“मंग तुमी आमाले माय काहून शिकवली?”

मनोहररावांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. “तुले खरंच आठवत नाई?”

“काय?”

“त्या दिवशी तू टक्कल करून आला होता गा वर्गात. तुह्या मायची तेरवी होऊन दोनच दिवस झाले असन. मी सूपाचं सांगून राहिलो होतो. कोनी ओळखलं नाई त्याले, असं म्हटलं, तं तू उभा झाला. म्हने, सर, त्याची माय नव्हती का? सारा वर्ग खाली पाहून राहिला. मी काय सांगू? मी म्हटलं, होती. दारातच उभी होती. तं तू म्हने, मंग तिनं विचारलं का, उशीर काहून केला म्हनून? मी म्हटलं, नाई रे. काईच नाई विचारलं. चुलीपाशी बसवलं अन् जेवाले वाढलं. तवा तू खाली बसला, अन् लिहून घेतलं.”

सरांनी नकळत डोक्यावरून हात फिरवला.

“पुढच्या सोमवारी खरं सांगून टाकीन असं ठरवलं होतं मी,” म्हातारा म्हणाला. “पन तवरिक सगळ्या वर्गानं तुही वही उतरवून घेतली होती. परीक्षेत झाडून साऱ्याईनं मायच लिहिली. अन् बरी लिहिली होती गा. मी मार्क देऊन टाकले.”

सरांच्या आई, रुख्माबाई हेडाऊ, सरकारी दवाखान्यात वारल्या त्या दिवशी त्यांचा मुलगा ग्रंथालयात बसून नोट्स स्वच्छ अक्षरात उतरवून काढत होता. संध्याकाळपर्यंत येतो, असं तो आईला सांगून गेला होता. पोचला तेव्हा खाट रिकामी होती आणि आया चादर बदलत होती. हे सगळं सरांना ठाऊकच होतं, ते विसरण्यासारखं नव्हतं. पण वर्गात उभं राहून आपण असं काही विचारलं होतं, हे त्यांच्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. राहिली होती ती फक्त कविता, आणि ती सांगताना दरवर्षी बदलणारा आवाज. परतीच्या बसमध्ये साठीला आलेला हा माणूस खिडकीकडे तोंड करून रडला. कंडक्टरने तिकीट न विचारता पुढे जाऊन मग पुन्हा मागे येऊन हळूच विचारलं.

आता इथेच सरांनी एक साधी गोष्ट करायची होती. फेरतपासणीला आलेल्या पेपरवर तीन गुण वाढवायचे आणि सही करायची. परीक्षा विभागाचे प्रमुख डॉ. भूपेश धकाते हे सरांचेच विद्यार्थी. गुरुवारी त्यांनी सरांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि हेच सुचवलं.

“सर, तीन मार्क टाका ना. मांडनी चांगली, अक्षर चांगलं, असं लिहून टाका अभिप्रायात. दोन मिनटाचं काम आहे. पोरगी पास, खतम.”

“उत्तर बरोबर आहे तिचं,” सर म्हणाले. “मी चूक आहे.”

“असन सर. पन ते कागदावर काहून आनता?”

“कारन ते खरं आहे.”

“सर, तुमी चूक अशान तं आमी सारेच चूक. मी स्वतः सोळापैकी पंधरा घेतले त्या मायवर.”

“हव. सारेच चूक,” सर म्हणाले. त्यांनी पेन काढलं आणि अभिप्रायाच्या रकान्यात, जिथे लोक ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’ एवढंच लिहितात तिथे, पुरवणी जोडून दीड पान लिहिलं. मातृभेटीचा प्रसंग मूळ कवितेत नाही. गेली एकतीस वर्षे मी तो चुकीचा शिकवला. विद्यार्थिनीचे उत्तर पूर्णतः बरोबर असून तिला सोळापैकी चौदा गुण देण्यात यावेत. खाली सही, तारीख, संपूर्ण नाव.

तिथून बाहेर पडताना सरांना फार बरं वाटलं. पायऱ्या उतरताना गुडघासुद्धा दुखला नाही. घरी जाऊन त्यांनी प्रेमलताबाईंना सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग ते पोरगी पास झाली का?” सर म्हणाले, “होईनच ना.” आयुष्याच्या या टप्प्यावर माणसाला खरं बोलायची हुक्की येते ती अशीच येते. आपण किती स्वच्छ झालो याचं इतकं अप्रूप असतं की पावती कुणाच्या नावावर फाटतेय हे बघायचं राहून जातं.

तीन गुण वाढवले असते तर कुणी वर मान करून पाहिलं नसतं. अकरा गुण वाढवायचे आणि वर दीड पान कबुलीजबाब, म्हटल्यावर तो कागद समितीपुढे गेला. समिती पाच जणांची. पाचहीजण इंग्रजीचे प्राध्यापक, पाचहीजण हेडाऊ सरांचे विद्यार्थी, आणि त्यातल्या तिघी तर रुमाल घेऊन बसलेल्या. बैठक चाळीस मिनिटं चालली. मूळ कविता कुणी आणली नव्हती, कारण कपाटाची किल्ली अमरावतीला होती. नोट्स मात्र सगळ्यांजवळ होत्या. आई नाही असं मान्य केलं तर आजवर वाटलेल्या पदव्यांचं काय, हा प्रश्न एकाने काढला आणि त्यावर सगळे गंभीर झाले. ठराव एकमताने झाला. मातृभेटीचा प्रसंग हा संस्थेच्या अध्यापन-परंपरेचा भाग असून आदर्श उत्तरात तो समाविष्ट आहे, सबब विद्यार्थिनीस दिलेले मूळ गुण कायम ठेवण्यात येत आहेत. डॉ. हेडाऊ यांनी स्वतःकडे घेतलेला दोष हा त्यांच्या थोर विनयाचा नमुना आहे, असंही समितीने नोंदवलं. सर डॉक्टर नव्हते, पण ठरावात झाले.

ठराव हाती आला तो सहा जुलैला. उमरेडची जागा एक तारखेलाच दुसऱ्या कुणाला मिळाली होती.

सरांनी दामिनीला फोन केला. काय बोलायचं ते त्यांनी कागदावर लिहून घेतलं होतं, पण त्यातलं काहीच वाचता आलं नाही. ती म्हणाली, “तुमी खरं लिहून देलं सर, त्याचं बरं वाटलं.” मागे कंपनीच्या बसचा आवाज येत होता. मग तिने विचारलं, “सर, तीन मार्क तुमाले तशेच देता आले असते, असं भूपेश सर म्हनत होते. खरं हाय का?” सर हो म्हणाले. त्यावर ती माझा स्टॉप आला म्हणाली.

नोव्हेंबरात हिवाळी परीक्षा होती. पुन्हा बसणाऱ्यांसाठी कॉलेजने चार जादा तास ठेवले आणि ते हेडाऊ सरांकडेच आले, कारण ही कविता दुसरं कुणी शिकवायला तयार नव्हतं. पेपर मात्र आता ते काढणार नव्हते आणि तपासणारही नव्हते. सरांची प्रकृती आणि वय लक्षात घेऊन, असं पत्रात होतं. पेपर समितीतल्याच एका प्राध्यापिकेकडे गेला होता. वर्गात सातजण होते. दामिनी दुसऱ्या बाकावर बसायची, तास सुटला की मिहानची बस पकडायला धावायची. सरांशी ती नीट बोलायची, पूर्वीइतकंच नीट, आणि सरांना तेच सहन होत नव्हतं.

शेवटच्या तासाला सरांनी वही आणली नाही. दामिनीने छापून दिलेल्या ऐंशी ओळी आणल्या. त्यांनी त्या एकेक करून वाचल्या, अडखळत वाचल्या, काही उच्चार चुकलेही असतील. द्वारपाल सांगितला, मेलेला राजा सांगितला, सूप सांगितलं, वाडगा उचलून नेणारा सांगितला. आवाज बदलला नाही. कुणी रुमाल काढला नाही. मग ते म्हणाले की आजवर मी जी आई सांगत आलो ती या कवितेत नाही, ती माझी होती. एवढं बोलायला त्यांना एकतीस वर्षं लागली होती.

दामिनीने हात वर केला.

“सर,” ती म्हणाली, “मंग पेपरमधे कोनतं लिहू?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर सरांना सोपं गेलं असतं. तिला खरोखर विचारायचं होतं. पेन उघडं होतं, कागदावर तारीख घातलेली होती आणि घड्याळात बसला वीस मिनिटं उरली होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं. या वर्गात खरा शेवट सगळ्यांत आधी वाचणारी ती होती, आणि या वर्गात ती पुन्हा का बसली आहे हे तिला आणि त्यांना दोघांनाही ठाऊक होतं.

“माय लिही,” सर म्हणाले.

सातहीजणांनी लिहून घेतलं. दामिनीने सगळ्यांच्या आधी.